मागचा मिस्त्री

पस्तीस वर्षं मी एका माणसाला रोज शिव्या घातल्या. तो मला कधी दिसला नाही, त्याचं नाव मला माहीत नव्हतं, त्यानं माझं काही वाकडंही केलं नव्हतं. उलट त्याच्या जिवावर माझं घर चाललं. त्या माणसाला आमच्या धंद्यात 'मागचा मिस्त्री' म्हणतात.

मी प्लंबर. काम सोडून आता वर्ष होत आलं, पण कोणी विचारलं तर 'प्लंबर होतो' असं अजून तोंडातून निघत नाही. गाव करमाड, मिस्त्रीगिरी सगळी शहरात. पहिल्या दिवशी शहराचं नाव औरंगाबाद होतं, शेवटच्या दिवशी छत्रपती संभाजीनगर. नळ तेच राहिले आणि ठिबकणंही तेच. या अंकाच्या संपादकबाईंच्या घरचे नळ मीच बसवलेले. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही बोलता तसंच लिहा." मी म्हणालो, लिहितो, पण काही चुकलं तर जबाबदारी तुमची. त्या हसल्या. मी काही गंमत केली नव्हती. आमच्यात काम हातात घेण्याआधी जबाबदारी दुसऱ्याच्या हातात देऊन टाकायची रीत आहे.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगतो. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, पाण्याचा दिवस असतो. त्या दिवशी लग्नं, परगावची कामं, दवाखाना सगळं मागं पडतं. म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि दोघांच्या मधे मोटार. या तिघांना जोडणारे पाईप भिंतीत. भिंतीवर प्लास्टर, प्लास्टरवर टाइल आणि टाइलवर मालकाचा जीव. सुताराचं काम डोळ्यांना दिसतं, रंगाऱ्याचं तर दिसायलाच असतं. आमचं काम संपलं की गवंडी ते झाकून टाकतो. मग दहा वर्षांनी भिंतीला ओल आली तर आत कोणाचा हात आहे, हे कोणाचा बाप सांगू शकत नाही.

हे मला पहिल्यांदा हबीब उस्तादांनी शिकवलं. शहागंजात त्यांचं छोटंसं दुकान होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, लोखंडी पाईपाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा कसा लावायचा, म्हणजे थेंब बाहेर येत नाही. दुसरी, बोलायचं काय.

"देख मियाँ," उस्ताद म्हणाले, "घर में गया तो पहले पाईप को देखना. फिर मालिक को देखना. फिर 'च्च' करना. फिर बोलना, ये किसने किया?"

"और मालिक ने नाम बताया तो?"

"सुनना नक्को. कान में सफेदा भर लेना." मग पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारून ते म्हणाले, "पिछलेवाले का नाम कब्बी नई लेना. बेनाम आदमी को गाली दिए तो हवा में जाती. नाम लेके दिए तो किसी के घर में जाके बैठती."

मी मान डोलावली. सुतळीचं शिक्षण अवघड गेलं, 'च्च' करायला मात्र एका दिवसात शिकलो.

मध्यंतरी माझी नात विरुद्धार्थी शब्दांचा गृहपाठ घेऊन आली. 'जबाबदार'च्या समोर तिला 'बेजबाबदार' लिहायचं होतं, आणि पुस्तकाचं समाधान तेवढ्यावर झालं होतं. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या कामाला एकच शब्द? आमच्याकडं 'पाणी जड आहे' असतं, 'माल हलका आला' असतं, 'लाईन जुनी आहे' असतं, 'मालकानंच असं करायला लावलं' असतं. 'गवंड्यानं ठोकताना पाईप हलवला' असतं. उंदीर असतो. एका घरी तर मी भूकंप सांगितला होता, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला. आणि यातलं काहीच चालण्यासारखं नसलं तर मागचा मिस्त्री असतोच.

आता एक उदाहरण सांगतो. सिडकोत दोन जोडघरं होती, एक भिंत सामाईक. डावीकडच्या घराचं पूर्ण काम मी केलं. मालक दर पाण्याच्या दिवशी मोटार लावायचे, मोटार घुर्रर्र करून चालायची, हौद रिकामा व्हायचा आणि गच्चीवरची टाकी कोरडीच. चार महिने त्यांनी मोटार बदलून पाहिली, वायर बदलून पाहिली, शेवटी मला बोलावलं. मी गच्चीवर गेलो तर शेजाऱ्याची टाकी काठोकाठ भरून वाहत होती. मी पाईप त्याच्या टाकीला जोडून आलो होतो. शेजारी खाली लुंगीवर उभा. त्याला विचारलं, तुमची टाकी चार महिने आपोआप भरतेय, शंका आली नाही का? तो म्हणाला, "मला वाटलं, आपलं नशीब उघडलं."

मी मालकाकडं वळून 'च्च' केलं आणि म्हणालो, हे मागच्या मिस्त्रीचं काम.

"मागचा कोण?" मालक म्हणाले. "घर नवीन आहे. पायापासून तुम्हीच होता की!"

मी म्हणालो, "मग त्याच्याही मागचा असेल." आणि ते घटकाभर खरंच विचारात पडले. मी तेवढ्यात पाईप फिरवून घेतला.

तर असं सगळं हसतखेळत चाललं होतं. सांगायचं आहे ते वाघचौरे सरांच्या घरचं.

वाघचौरे सर ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेले. बीड बायपासच्या अलीकडं त्यांनी कोणाचं तरी जुनं घर विकत घेऊन त्यावर मजला चढवला होता. वरच्या मजल्याचं प्लंबिंग सुदाम खरात नावाच्या मिस्त्रीनं केलं होतं. सुदाम चितेगावचा, चाळिशीचा. तिथल्याच एका कंपनीत पाईप फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी घरांची कामं करायचा. हात चांगला होता त्याचा. हे मी आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं.

मजला चढवल्यावर आठ महिन्यांनी सरांच्या खालच्या हॉलच्या भिंतीला ओल आली. सरांनी मला बोलावलं. मी भिंत बघितली, सरांना बघितलं, 'च्च' केलं आणि म्हणालो, "हे कोणी केलंय?"

सरांनी चाळीस वर्षं वर्गात हाच प्रश्न विचारलेला. त्यांनी तत्काळ उत्तर दिलं, "सुदाम खरातने. म्हणजे जबाबदार सुदाम, असंच ना?"

इथं मी कानात सफेदा भरायला पाहिजे होता. पण त्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात एक बातमी ऐकली होती. शिक्षकांची एक सोसायटी चोवीस फ्लॅटची बिल्डिंग बांधत होती, तिच्या समितीचे अध्यक्ष वाघचौरे सर होते आणि प्लंबिंगचं काम त्यांनी सुदामला द्यायचं कबूल केलं होतं. त्या शब्दावर सुदामनं कंपनीची नोकरीही सोडली होती. पस्तीस वर्षांत मला पूर्ण बिल्डिंग कधी मिळाली नव्हती. मी आयुष्यभर एकेक बाथरूम करत आलो. मला जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

मी म्हणालो, "सुदाम व्हय? मग बरोबर हाय सर. कंपनीतला फिटर तो. वाफेच्या पाईपावर हात बसलेला, घरच्या पाण्याचं त्याला काय कळणार?"

सरांनी लगेच फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. सुदाम म्हणाला, "सर, खालच्या लाईनीला मी हातच नाय लावला. जुनीच हाय ती."

"सगळे असंच म्हणतात," सर म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मीही मान हलवली, आजकाल माणसं किती खोटं बोलतात अशा अर्थानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन भिंत फोडली. वीतभर आत गेल्यावर लोखंडी पाईप दिसला, मग त्याचा एक फाटा. फाटा सोडून ठेवला आणि वापरायचा नसला की त्याच्या तोंडाला बूच लावतात. ते लोखंडी असावं लागतं. प्लास्टिकचं बूच असतं, पण ते पाईप तपासण्यापुरतं, घटकाभराचं. इथं फाट्याच्या तोंडाला लाल प्लास्टिकचं बूच होतं आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं. मी तोंड उघडलं, त्या सुदामचा उद्धार करायला. मग बुचाभोवतीची सायकलच्या ट्यूबची पट्टी दिसली. तांब्याच्या तारेनं तीन वेढे आणि तारेचं टोक आत मुडपलेलं.

या शहरात सायकलची ट्यूब कापून बुचाला बांधणारा, आणि तारेचं टोक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून आत मुडपणारा मिस्त्री एकच आहे. मी.

मग सगळं डोळ्यांसमोर आलं. अठरा वर्षांपूर्वी हे घर एकमजली होतं, दार दुसऱ्या बाजूला होतं, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि बाभळी. मालक वेगळे. पाण्याचा दिवस होता आणि त्यांना संध्याकाळच्या आत लाईन चालू हवी होती. गवंडी माल कालवून बसलेला. दोन फाट्यांना बुचं लावायची राहिली होती, एक हॉलमधे, एक स्वयंपाकघरात, आणि माझ्या पिशवीत लोखंडी बूच एकही नव्हतं. मी प्लास्टिकची लावली, ट्यूबनं आवळली आणि गवंड्याला म्हणालो, उद्या येऊन बदलतो, एवढी जागा उघडी ठेव. तो 'व्हय' म्हणाला आणि त्यानं सगळं लिंपून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आठवण झाली होती, हेही खरं आहे. सरांनी वर मजला चढवल्यावर टाकी उंच गेली, पाण्याचा जोर वाढला आणि माझं बूच अठरा वर्षांनी हरलं.

"सापडलं का?" सर मागून म्हणाले.

"सापडलं."

"सुदामचंच ना?"

मी म्हणालो, "सर, जुन्या लाईनीवर वरच्या कामाचा जोर आला."

बघा, यातला एक शब्दही खोटा नाही. सरांनी त्यांना हवं ते ऐकलं आणि मी त्यांना ऐकू दिलं. लोखंडी बूच बसवलं, प्लास्टिकचं पिशवीच्या तळाशी टाकलं आणि घरी आलो. स्वयंपाकघरातल्या बुचाबद्दल बोललोच नाही.

पुढच्या दिवशी सांगू म्हटलं तर आमच्या भागात पाण्याचा दिवस निघाला. मग अंगात कणकण होती. मग अमावास्या आली. अमावास्येला चांगलं काम करू नये म्हणतात, आणि कबुली देणं हे चांगलं काम की वाईट, याचा निकाल लागेना. एक दिवस सरांच्या गल्लीपर्यंत जाऊनही आलो, तर त्यांच्या दारात पाहुण्यांची गाडी. मला एवढं हलकं वाटलं की येताना जिलेबी घेऊन आलो. बायको म्हणाली, "आज काय काढलंय?" मी म्हणालो, सहज.

नवव्या दिवशी हार्डवेअरवाला म्हणाला, "कळलं का मिस्त्री? सुदामचं काम गेलं. समितीनं बाहेरगावच्या ठेकेदाराला दिलं. सुदाम परत कंपनीत गेला तर त्याच्या जागेवर माणूस घेतलेला."

सुदामला ती बिल्डिंग पुढंही मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत आशा धरून बसेल आणि मग मला दोष देईल.

बायकोला ते बूच अकराव्या दिवशी सापडलं. ती माझी पिशवी धुवायला काढत होती. "हे काय जपून ठिवलंय?" म्हणाली. मी तिला सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही त्या माणसाचं नाव घेतलं व्हय?"

"तसं घेतलं असं नाय, सरांनीच—"

"सर ऱ्हाऊ द्या. तुम्ही घेतलं का नाय?"

"घेतलं."

"मग उठा. स्कूटर काढा. नाय तर मी जाते येष्टीनं, आन् गावभर सांगत जाते."

ती बोलल्याप्रमाणं करणारी बाई आहे. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि स्कूटर काढली.

चितेगावात सुदाम ओसरीवर कोणाचा तरी कूलरचा पंप खोलून बसला होता. मला बघून उठला, "या काका, बसा," म्हणाला आणि आत चहाचं सांगितलं. त्याला वाटलं, मी समजूत काढायला आलोय. मी बसलो नाही. उभ्यानं बुचाचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग डोळे बारीक करून म्हणाला, "काका, डाव काय हाय? बिल्डिंग तर गेली. आता माझ्याकडून काय पायजे तुम्हाला?"

"काय नाय पायजे. ते बूच माझं व्हतं."

"असं कुणी म्हणतं का?"

मी खिशातून बूच काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते फिरवून बघितलं, ट्यूबची पट्टी नखानं खरवडली. "हे किती वर्षं व्हतं आत?"

"अठरा."

"लई टिकलं की!" सुदाम म्हणाला. फिटरच्या जातीला राग यायच्या आधी माल दिसतो. मग त्याला राग आला. त्यानं बूच माझ्या हातात परत दिलं आणि चप्पल घातली. "चला. सरांसमोर म्हणा."

चहा आला होता, तो तसाच राहिला. स्कूटर त्यानं चालवली, मी मागं बसलो.

सरांनी दार उघडलं, आम्हा दोघांना बघितलं आणि गडबडले. मी बुचाचं घडाघडा बोलून टाकलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याचं असं अंगावर घेऊ नये."

"सर, दुसऱ्याचं नाही, माझंच आहे."

"याला वाचवायला म्हणताय. मला कळतं. तुमच्या गावाकडचा असेल."

"सर, तो चितेगावचा, मी करमाडचा. रस्तासुद्धा एक नाही आमचा."

"हे बघा, चाळीस वर्षं मी वर्गात विचारलं, हे कोणी केलं. एकदाही कोणी 'मी' म्हटलेलं नाही. तुम्ही आज अचानक म्हणताय. यात काहीतरी आहे."

माझी ही फजिती मला नवीन होती. पस्तीस वर्षं खोटं बोललो, लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. एकदा खरं बोलायला आलो तर पुरावा मागायला लागले. मी म्हणालो, सर, अशीच दुसरी दोन बोटांएवढी चूक तुमच्या स्वयंपाकघरात आहे. कोपऱ्यापासून हातभर, ओट्याच्या वर. फोडून दाखवतो. नाही निघालं तर मी खोटा.

"माझ्या ओट्याला कोणी हात लावायचा नाही!" आतून सरांच्या पत्नीचा आवाज आला. "मागच्याच महिन्यात टाइल बसवल्यात."

"बाई, आज नाही फोडली तर भिंतच तुम्हाला सांगेल," मी म्हणालो. "टाइल मी आणून बसवून देतो."

छिन्नी सुदामनं धरली नाही. तो हाताची घडी घालून दारात उभा राहिला. मी कोपऱ्यापासून हात मोजला आणि टाइल फोडली. आत वीट निघाली. बाजूची फोडली. पुन्हा वीट. बाई कपाळाला हात लावून बसल्या. सर म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?" स्वतःची चूक सापडावी म्हणून माणूस एवढा कासावीस होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"काका, नीट आठवा," सुदाम दारातून म्हणाला. "तेव्हा कोपरा हितंच व्हता का?"

तेव्हा कोपरा तिथं नव्हता. सरांनी मधली भिंत सरकवली होती. मी तेवढं अंतर सोडून तिसरी टाइल फोडली आणि लाल बूच दिसलं. ट्यूब, तार, मुडपलेलं टोक, सगळं. बुचाच्या कडेला पाण्याचे बारीक मणी जमले होते. मी पहिलं बूच खिशातून काढून त्याच्या शेजारी धरलं. सर वाकून एकदा हे बघत, एकदा ते.

मग ते सरळ झाले आणि मला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण पस्तीस वर्षांत जे माझ्या वाट्याला यायला हवं होतं ते सगळं आलं आणि वर थोडं व्याजही. मी मान खाली घालून ऐकलं. नवीन बूच बसवायला हात चालवत होतो, तेवढाच आधार.

सुदामनं त्यांचं होऊ दिलं आणि मग विचारलं, "सर, बिल्डिंगचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते काय आहे सुदाम, तो निर्णय समितीचा होता."

"समितीचे अध्यक्ष तुम्हीच ना सर?"

"अध्यक्ष असलो म्हणून काय? निर्णय सामूहिक असतो. आणि मला या मिस्त्रींनी जे सांगितलं त्यावरून मी तिथं माहिती ठेवली. समितीनं तिच्या पद्धतीनं ठरवलं. करारावर सह्या झाल्यात आता."

मी हातातला पाना ठेवून सरांकडं बघतच राहिलो. मला आयुष्यभर एक मागचा मिस्त्री पुरला. सरांनी उभ्या उभ्या अख्खी समिती पुढं केली, आणि तिच्यात ते स्वतः असून कुठंच नव्हते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी मनातल्या मनात त्यांना उस्ताद म्हटलं असतं. त्या दिवशी मात्र सुदाम शेजारी उभा होता आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"ठीक हाय," सुदाम म्हणाला. "फक्त समितीला एवढं सांगा, ती ओल माझ्या कामाची नव्हती."

"पुढच्या बैठकीत विषय घेऊ," सर म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. फाटक लावून घेतलं. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. केवढं मोठं काम केलं असं वाटत होतं. चांगली शिक्षा झाली, ती सोसली, झालं. आता सुदाम काहीतरी चांगलं बोलेल, अशी माझी अपेक्षा होती.

त्यानं स्कूटरची किल्ली लावली नाही. तो म्हणाला, "काका, ते बूच तुमचं हाय हे तुम्हाला कवा कळलं?"

'आजच, पिशवी धुताना' हे उत्तर माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. त्याला कधीच कळलं नसतं.

"भिंत फोडली त्याच दिवशी," मी म्हणालो.

त्यानं मनात मोजलं. ओठ हलताना दिसले. "म्हंजी अकरा दिवस. आन् काम दुसऱ्याला दिलं नवव्या दिवशी."

"व्हय."

"मग ते नऊ दिवस थांबला कशाला तुम्ही?"

पाण्याचा दिवस, कणकण, अमावास्या, पाहुण्यांची गाडी, सगळे एकामागं एक येऊन उभे राहिले. एकाला पुढं केलं असतं तर बाकीचे साक्षीला आले असते.

"मला वाटलं, कुणालाच कळणार नाय," मी म्हणालो. "आन् तुझं काम गेलं तर मला मिळंल, असंबी वाटलं."

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, सुदामनं स्कूटर कडेला घेतली. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो रागावलेला दिसत नव्हता, थकलेला दिसत होता.

"हे आत सरांसमोर नाय म्हणला तुम्ही," तो म्हणाला. "आत नुसतं बुचाचं म्हणला. बुचानं नाय गेलं माझं काम."

मी त्याच्याकडं बघितलं. मग वळलो, फाटक उघडलं आणि पुन्हा बेल वाजवली. आतून भांड्यांचा आवाज थांबला. सरांनी दार अर्धवट उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि कळवळून म्हणाले, "आता आणखी कुठं फोडायचंय?"